काळ्याला एक गाठ, निळ्याला दोन

५ जून

आज हद्द झाली! दुकानातून लवकर आले, खाटेवर आडवी झाले. तेवढ्यात माझी रूम पार्टनर — मास्तरीण — आली, डोळ्यांवर ओढणी बांधली आणि खोलीभर फिरायला लागली. कपाट चाचपलं, बादली चाचपली, खाट चाचपली — माझं नाक तिच्या मुठीत! मी किंचाळले. ती शांतपणे म्हणते, "अगं, तू आहेस होय? खाट पुढे सरकलीय. मागे घे."

अंध मुलांच्या शाळेत शिकवते, मान्य. पण शाळा घरी कशाला?

८ जून

मालकांनी बोलावून घेतलं. इतकी वर्षं त्यांच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात रफू करतेय, कधी आवाज चढला नव्हता. "तुमचं रफू हल्ली दिसतं, ताई. अजून एक तक्रार आली तर मला दुसरं कुणी बघावं लागेल." रफू दिसलं म्हणजे संपलंच की! सगळं कसब ते न दिसण्यातच.

दोष माझ्या टेबलावरच्या दिव्याचा. नुसता मिणमिणतो. इस्त्रीवाले काका म्हणतात, नवा आहे, परवाच बदललाय. त्यांचं काय जातंय बोलायला!

हे काम गेलं तर मला दुसरं येतं काय?

११ जून

मास्तरणीच्या लीला — खुर्ची जागची हलू देत नाही. साखरेच्या डब्याला रबरबँड, मिठाच्या डब्याला नाही. घरात शिरताना घोषणा: "मी आले. दाराशी आहे. आता मोरीकडे चालले." अगं, जा की! मला कशाला वर्दी देतेस? जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तिने गोणपाट ठोकलंय. शेजारीण तोंडाला पदर लावून हसते.

त्या पायरीवर मी आता धडपडत नाही, एवढं मात्र खरं.

१२ जून

दाराची चौकट लागली. पुन्हा. खांदा काळानिळा.

१५ जून

माझ्या रिळांना हात लावला तिने! आज रिळांची पेटी घरी आणली होती. अंघोळ करून येते तो प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला गाठी. काळ्याला एक, निळ्याला दोन, तपकिरीला तीन. रफूवालीच्या दोऱ्याला गाठ! डोकंच फिरलं माझं. तिच्यासमोर बसून एकूण एक गाठ सोडवली. "माझ्या वस्तूंना पुन्हा हात लावायचा नाही!"

"बरं," म्हणाली. तोंड एवढंसं झालं होतं. मला बरंच वाटलं.

घरमालकीणबाईंना सांगून टाकलं — महिनाअखेरीस हिला दुसरी जागा द्या, मला दुसरी पार्टनर.

१९ जून

एका वकिलांचा काळा कोट. बाहीला जळकं भोक. मान मोडून रफू केलं. आज वकील न्यायला आले, दारात उन्हात उभे राहिले आणि बाही मालकांपुढे धरली. "हा निळा दोरा आहे."

मी पाहिलं. मला काळाच दिसला. जवळ धरला, तिरका धरला — काळाच!

मालक ओरडले नाहीत. "ताई, डोळे दाखवून या. तोवर सुई नको." ओरडले असते तर बरं झालं असतं.

कुणाला सांगणार नव्हते. पण मास्तरीण दारातून "मी आले" म्हणाली आणि माझा बांध फुटला. सगळं बोलून गेले. ती शेजारी बसली.

"दारातून जाताना तू आधी हाताने भिंत शोधतेस. माझी मुलं अशीच शोधतात. केव्हाची बघतेय मी. पण तोंडाने कसं सांगायचं ग? डोळे बांधून फिरायचे ते त्यासाठीच. तुला कुठे काय लागतं ते बघायला."

मी याला तिच्या लीला म्हणत होते. याच वहीत.

२२ जून

डॉक्टरीणबाईंकडे ती सोबत आली. माझी नजर कडेने जात चाललीय, रंगही फसवायला लागलेत. गेलेलं परत येणार नाही. रोज थेंब घातले तर उरलेलं बहुधा टिकेल. बहुधा!

भर रस्त्यात रडले. तिने समजूत काढली नाही. कोपर धरलं आणि म्हणाली, "पायरी आहे. आता अजून एक."

घरमालकीणबाईंना निरोप दिला — पार्टनर बघू नका.

२४ जून

वही उघडली तर पुढच्या कोऱ्या पानांवर रेघेरेघेने दोरा शिवलेला. बोट टेकवलं की ओळ सापडते. भडकलेच! "माझी वही वाचलीस?"

"डोळे बांधून शिवलीय. टाके बघ ना."

टाके भयंकर वाकडे आहेत. एकही मी उसवणार नाही.