बर्फाच्या टाकीतलं पाणी

नाशिक रोड, मे १९८३, मंगळवार

रोज दुपारी टाकीतलं पाणी बदलायचं टाळलं, त्याची खरी किंमत आज कळली. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातल्या कँटीनमध्ये आपली कोंबडी खाल्लेली माणसं दवाखान्यात आहेत. आपल्या कारखान्यात सोललेली प्रत्येक कोंबडी त्याच बर्फाच्या टाकीत बुडते. एक नासकी निघाली की सगळ्या गेल्या. पण पाण्याचा टँकर दिवसाला एकच. उद्याही तेच पाणी. दुसरं आणू कुठून?

परवाच कँटीनच्या मॅनेजरला ऐटीत म्हणालो होतो, "साहेब, आमच्या फरशीवर ताटाशिवाय जेवा!" फरशी चकचकीत, टाकी तशीच.

संध्याकाळी पिसं काढणाऱ्या बायकांची कुजबुज कानावर आली. सखूबाई म्हणत होती, "शेठ लय सोवळ्यातले, बाई! इथली कोंबडी त्यांच्या घरी चालत नाय."

खरंय. आमच्या घरी कोंबडी बाजारातून जिवंतच येते.