दुकानाच्या पायरीवरचा मामा

जव्हार, मार्च १९९८

मामास मंगेशचा नमस्कार.

तू कुठल्या वीटभट्टीवर गेलास ठाऊक नाही, त्यामुळे हे पत्र माझ्याकडेच राहील.

ट्रकची वाट बघणारे मजूर पायऱ्यांवर झोपतात, अशी दुकानदारांची तक्रार होती. फौजदारांनी मला पाठवलं. मी काठी आपटली आणि गोधडीतून तू वर पाहिलंस. मी ओळख दाखवली नाही.

"उठा रं, साहेबांना तरास नको," म्हणत तूच सगळ्यांना उठवलंस.

लहानपणी सूर्यमाळला तुझ्या घरी मी आलो, की चुलीजवळची जागा मला देऊन तू पडवीत झोपायचास. त्या रात्री माझी खोली त्या पायऱ्यांसमोरच होती. किल्ली खिशात होती.

निघताना तू हळूच विचारलंस, "साहेब, जेवलात का?"

मी हो म्हणालो. तुला विचारलं नाही.

तुझा भाचा,
मंगेश