पाणवठ्यासमोरचा बाक

ऋतुजा मॅडम,

तितं सगळी तुमाला मॅडम म्हणत्यात, म्हणून मीबी तसंच लिहितो.

तुमाला बघायला आलो, तर तुमी घरी न बोलावता नोकरीच्या जागी, सोलापुरातल्या त्या जुन्या रानात बोलावलं. हितं सुरतेत, कामावर, हे कुणाला खरं वाटत न्हाय. शहर वाढायच्या आधीची ती चिंचेची झाडं, प्यायला गार पाणी, म्हाताऱ्यांना टेकायला बाक. अन् मी आपला भराभरा पुढं. तुमी मागनं हाक मारली,

"अहो, गाडी चुकतीय का तुमची? बसा की हितं!"

बसलो. पाणवठ्यावर मोर आला, मागनं लांडोरी. मुंगूस तर माझ्या बुटाजवळनं गेलं. मी कुठल्या कामावरबी टिकत न्हाय, पण तुमी बोटानं एकेक पाखरू दाखवत होता आणि मला उठूच वाटंना.

एक सांगायचं राहिलं. यायच्या आधीच मी आईला म्हणालो होतो, नकार कळवून टाक. रानातनं बाहेर पडल्या पडल्या तिला थांबवायला फोन केला.

"आता व्हय? सकाळीच कळवलं की!"

हे पत्र टाकत न्हाय. असलं कागदावर सांगून भागत न्हाय. सुट्टी मागितलीय. येतो. आता नकार द्यायचाच असंल, तर तुमी द्या, माझ्या तोंडावर.

सयाजी,
मंगळवेढ्याचा