सव्वादोनशे किलोमीटर, इकालुइटमार्गे

इकालुइट विमानतळ, मंगळवार

चि. लेक रीपीका हिस,

(नात्याने तू माझी मावशी, पण तुझ्या आईचं नाव मला ठेवलंय, म्हणजे आपल्या रीतीने मी तुझी आईच, म्हणून आशीर्वाद मीच द्यायचे. तरी मनातून नमस्कार.) तुझे गुडघे कसे आहेत? माझी तब्येत बाकावर झोपणाऱ्या माणसाची असावी तशीच आहे.

ओलायुकने फोनवर लग्नाचं विचारलं, हे तुला कळलं असेलच. तुमच्या आर्क्टिक बेमध्ये काय लपतं? मी तत्काळ भुवया वर केल्या. चांगल्या उंच केल्या, दोनदा. आपल्यात याहून स्पष्ट 'हो' कुठला असतो? पण फोनला भुवया कुठून दिसणार? पलीकडे बराच वेळ शांतता, मग "बरं. समजलं," आणि फोन बंद. तेव्हापासून तो उचलतच नाही. शुक्रवारी तो खाणीवर कामाला जाणार, म्हणून म्हटलं, त्याआधी समोर जाऊन उत्तर द्यावं.

नकाशावर पाँड इनलेट ते आर्क्टिक बे सव्वादोनशे किलोमीटर, पाऊण तासाचं उड्डाण. पण आपल्याकडचं विमान आधी हजार किलोमीटर दक्षिणेला इकालुइटला आणतं, मग दुसरं विमान तेवढंच उत्तरेला नेतं. (शेजारणीकडे मीठ मागायला जाताना समुद्रकिनाऱ्यावरून वळसा घालावा, तसं.) तिकिटाच्या वेळी फोनवरच्या बाईने विचारलं, "जागा पक्की करू ना?" मी पुन्हा भुवया उचलल्या. ती म्हणाली, "मॅडम, आहात का?" आईने मला घरीच शिकवलं, पण फोनशी कसं बोलायचं तेवढं राहून गेलं.

इथे आले तर धुकं. काल ते विरलं आणि विमान निघालं, पण सामान जास्त झालं म्हणून एक जागा कमी केली. माझ्या शेजारी तुमच्या गावची तागूनाक आजी होती, दात काढून घरी निघालेली. ती म्हणाली, "पोरी, तुला घाई नाही ना? इथे मला नुसतं सूप पाजतात, बाळ असल्यासारखं." अक्षरओळखीच्याही आधी आईने शिकवलं होतं की म्हाताऱ्या माणसांना अडवायचं नाही. मी म्हटलं, घाई कसली. आजी खिडकीशी बसली आणि मला हात हलवून गेली. रात्रभर मी विचार करत होते की मी खोटं बोलले की सभ्यपणे वागले. अजून ठरलेलं नाही.

आज पुन्हा धुकं आहे, म्हणजे आता थेट गुरुवारचं विमान. तागूनाक आजीचा जावई उद्याच्या मालवाहू विमानाने जाणार आहे, त्याच्या हाती हे पत्र देते. त्यात पेट्या चढतात, माणसं नाहीत; त्याला मात्र वैमानिक ओळखतो.

तुझी आई (आणि भाची),
कौनाक

ता. क. ओलायुकला यातलं काही सांगू नकोस. त्याने मला विचारलंय, उत्तर मीच द्यायला हवं. फक्त तो रागावलाय का, तेवढं बघ.

ता. ता. क. जेवायला बोलावून बघ. रिकाम्या पोटी तो सगळ्यांवरच रागावलेला दिसतो.

ता. ता. ता. क. आत्ताच सांगून गेले, गुरुवारचंही विमान नाही. सांगून टाक.