जपून ठेवलेली बाटली

बुडुडा, मंगळवार, ४ मार्च

चि. वामोनो यास आशीर्वाद, वि. वि.

फोन तू मध्येच कापतोस, म्हणून टॅक्सीवाल्या वेपुखुलूबरोबर ही चिठ्ठी. आईचा ताप उतरत नाही. काल संध्याकाळी नर्सने रक्त काढलं, ती बाटली सोबत आहे. कोणतं औषध लागू पडेल ते आता सहा तासांत सांगतो, अशी फुशारकी नाताळात बांबूच्या कोंबांचा मालेवा ओरपताना तूच मारली होतीस. तर सांग. नाहीतर प्रयोगशाळेला कुलूप लाव आणि माझ्या औषधांच्या दुकानात पुड्या बांधायला ये.

लोभ किती उरलाय ते तूच बघ.
नांडुडू

म्बाले, बुधवार, ५ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

बाटलीत काहीच वाढलेलं नाही. आधी जंतू वाढावे लागतात, मग त्यांच्यावर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवायच्या. सहा तास तिथून मोजतात. दहादा सांगून झालंय. सोमवारी रात्रभर बाटली कुठे होती? की आईला आधीच दुकानातल्या गोळ्या चारल्यास? दुसरी बाटली पाठव.

राग असला तरी चालेल, खरं कळवावे.
वामोनो

बुडुडा, गुरुवार, ६ मार्च

चि. वामोनो यास,

एकही गोळी दिलेली नाही. बाटली तू फोनवर म्हणालास तशी जपूनच ठेवली होती. चुका आमच्याच, कारण पांढरा कोट तुझ्या अंगावर. नर्स सेफ्ट्रीची इंजेक्शनं देते आहे, उतार नाही. आई पाणी माझ्याकडे मागते आणि नाव तुझं घेते. दुसरी बाटली घे.

नांडुडू

म्बाले, शुक्रवार, ७ मार्च

ती. ताईस,

सकाळी चकत्या ठेवल्या, दुपारी वाचल्या. सेफ्ट्रीला हा जंतू दाद देत नाही. जेंटामायसिनने मात्र मरतो. ते तुझ्याच दुकानात दारामागच्या फळीवर आहे. चार वेळा फोन केला, चारही वेळा कापलास. भांडण नंतर कर, आधी ते नर्सच्या हातात दे.

वामोनो

बुडुडा, शनिवार, ८ मार्च

चि. वामोनो यास आशीर्वाद.

आई काल दुपारी गेली. फोन कापला तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. चिठ्ठी आज मिळाली.

पहिली बाटली मी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली होती, इन्सुलिनशेजारी. थंडीने जंतू वाढत नाहीत, हे आज नर्सने सांगितलं. तू फक्त जपून ठेव म्हणालास. माझ्या दुकानात जे जपायचं ते फ्रिजमध्ये जातं, आणि हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

उद्या माती आहे. ये. माझ्याशेजारी उभा राहू नकोस.

तुझी ताई