पिशवीभर ढलप्या

तीर्थरूप बाबांना,
लांबूनच पायांवर डोकं ठेवतो.

मी ठणठणीत आहे. खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं. आईचे गुडघे काय म्हणतात?

इथे विलायतेत सुताराला कुणी नावाने हाक मारत नाही. आम्ही सगळे 'चिप्पी'. एकाला हाक मारली की चौघं वळतात, म्हणून हल्ली मी वळतच नाही. मला वाटायचं, चिडवतात.

एरवी लाकूड कारखान्यातून कापूनच येतं, आपण नुसते स्क्रू पिळायचे. परवा मात्र एका जुन्या घराच्या तुळईला पटाशीने खाच पाडली. काम संपल्यावर सवयीने ढलप्या पिशवीत भरल्या, तर सगळे हसले. म्हातारा मुकादम तेवढा हसला नाही. म्हणाला, "चिप्स म्हणजे याच ढलप्या. त्यांच्यावरून आपण चिप्पी. पूर्वी गोदीतले सुतार त्या हक्काने घरी न्यायचे, चुलीसाठी."

मला तुम्ही दिसलात, दारात पंचातल्या ढलप्या सोडताना. आणि आई म्हणत होती, "चला, उद्याच्या आंघोळीची सोय झाली."

खोलीवर आल्यावर लक्षात आलं, इथे चूल कुठली? नळ फिरवला की गरम पाणी. तरी टाकवेना. पिशवी उशाशी ठेवली आहे. वास जाईल म्हणून खिडकी उघडत नाही.

उत्तर धाडाल तेव्हा पाकिटावर माझं पूर्ण नाव घाला. घरमालकीण ते जिन्यातून मोठ्याने वाचते.

तुमचा,
धाकटा