रिकाम्या डब्यांचा मंगळवार

बर्नली
मंगळवार, १३ ऑक्टोबर १९९२

प्रिय मॉरीन,

तुझी दोन पत्रं येऊन पडलीत आणि मी लिहितो-लिहितो म्हणत टाळत आलोय. वेळ नव्हता असं ठोकून देणार होतो, पण वेळ होता. रविवारी तर अख्खी दुपार मी कुणाची तरी शर्यतीची कबुतरं बघत बसलो होतो. तू कशी आहेस? फ्रँकची पाठ काय म्हणते? नवऱ्याला सांग, बोटीवर त्यानं माझी कामाची जागा धरून ठेवलीय, सोमवारी निघायचंय, सगळं माझ्या लक्षात आहे. त्यावर येतोच.

हे जिन्यात बसून लिहितोय. वरच्या पायरीवर वॉल्टर बसलाय, कोट घालून, बटणं गळ्यापर्यंत लावून. मधूनमधून माझ्या पाठीत गुडघा रुतवतो आणि म्हणतो, "रिकामे."

मी म्हणतो, "आज नाही, वॉल्टर."

मग तो मनगट चावतो. तिथं जुना घट्टा आहे.

वॉल्टर साठीला आलाय. लहानपणी, शिकण्यात मागे म्हणून, त्याला टेकडीवरच्या मोठ्या इस्पितळात ठेवलं आणि तिथंच त्याचे केस पिकले. आता ते इस्पितळ हळूहळू बंद करताहेत, म्हणून वसंतात त्याला या साध्या गल्लीतल्या साध्या घरात आणलं, आणि सोबतीला आम्हाला. माझी लायकी काय, तर जत्रेतले पाळणे फिरवलेत आणि कुणी ओरडलं तर मी घाबरत नाही. आमची मुख्य जॉयस म्हणाली, "चालेल. केस तेवढे विंचरून ये."

सगळा घोळ मंगळवारचा. मंगळवारी कचऱ्याची गाडी येते. तिचा आवाज आला की वॉल्टर दाराकडे धावायचा. चाकाखाली जाईल म्हणून आम्ही कुलूप लावायला लागलो. मग आरडाओरडा, कपबश्यांचा चुरा, भिंतीवर डोकं. फोनवर तुला सांगितलं होतं ना, दारावर आपटून माझा दात हलला म्हणून? ते दार नव्हतं. वॉल्टरचं कोपर होतं. त्याच दिवशी तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर पडला आणि हाताला आला तो कचऱ्याचा डबा त्यानं शेजारच्या एंटविसलबाईंच्या काचघरात घुसवला. टोमॅटोची रोपं आणि काचा, सगळं एक झालं. बाईंनी काउन्सिलकडे तक्रार केली. मीही केली असती.

पुढं जे कळलं ते माझ्या वेंधळेपणामुळं. जुलैत एका मंगळवारी दूधवाला आपल्या नव्या कुत्रीचं कौतुक सांगत होता (आंधळी आहे एका डोळ्यानं, पण मांजर बरोबर ओळखते), मी ऐकत राहिलो आणि दार सताड उघडं. वळून बघतो तर वॉल्टर नाही. सपाता फटफटवत पळालो. हा गल्लीच्या टोकाला, दोन्ही हातांत गाडीवाल्यांनी रस्त्यात सोडलेले दोन रिकामे डबे, खडखड ओढत ज्याचे त्याच्या दाराशी नेऊन ठेवतोय! त्याला घरांचे आकडे वाचता येत नाहीत, पण कुठल्या डब्याला पोचा आहे आणि कुठल्यावर रंग सांडलाय हे त्यानं खिडकीतून बघून ठेवलं होतं.

जॉयसनं इस्पितळात चौकशी केली. तिथं जेवणाच्या रिकाम्या गाड्या सगळ्या वॉर्डांतून गोळा करून आणायचं काम वॉल्टरचं होतं. वर्षानुवर्षं. आणि आम्ही त्याला नेमकं कामाच्या वेळी कोंडत होतो.

तेव्हापासून दर मंगळवारी गाडी गेली की आम्ही दोघं निघतो. समोरचे म्हातारबुवा खिडकीतून ओरडतात, "उशीर झाला, वॉल्टर! पगार कापीन!" वॉल्टर इतका हसतो की डबा सोडून देतो. एंटविसलबाईंचा पडदा मात्र आम्ही दिसलो की सर्रकन ओढला जातो. त्यांचा डबा तो सगळ्यांत हळू ठेवतो.

वॉल्टरला या घरात राहू द्यायचं की नाही, यावर उद्या काउन्सिलची बैठक आहे. बाईंची तक्रार अजून तशीच आहे. उद्या नाही म्हणाले तर वॉल्टर परत टेकडीवर, तिथं उरलेल्या शेवटच्या वॉर्डात.

सकाळी जॉयस म्हणाली, "रॉडी, आजच काही फुटलं तर उद्या मी कुठल्या तोंडानं बोलू? एवढा एक मंगळवार आत ठेव त्याला."

"अगं, कोंडलं की तर तो फोडतो!"

"तू बस ना त्याच्याजवळ. मला नको शिकवूस, मीच घाबरलेय."

म्हणून किल्ली माझ्या खिशात आहे. गाडी येऊन गेली. वॉल्टरनं अजून काही फोडलेलं नाही. नुसता बसलाय, आणि मॉरीन, त्यापेक्षा त्यानं कपबश्या फोडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तर सोमवारचं. तुला माझा स्वभाव माहीत आहे, दोन ऋतू एका जागी काढले की माझ्या पायांना खाज सुटते. पण आता तशी

थांब, दार वाजतंय. जॉयस नसेल, तिच्याकडे किल्ली आहे.

मॉरीन, एंटविसलबाई आल्यात! आजवर कधी आमच्या फाटकाशी आल्या नाहीत, आणि आता दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून ओरडताहेत.

"आहे का कुणी? माझा डबा अजून रस्त्यात पडलाय! सगळ्यांचेच पडलेत. बरं नाही का त्याला?"

मी म्हटलं, "बरा आहे, बाई."

"मग? या कमरेनं मी ओढत आणू का?"

वॉल्टर उठलाय. मला ओलांडून खाली गेला आणि दाराशी टोपी हातात घेऊन उभा राहिलाय. मी किल्ली काढतोय. उद्या हेच बोलायला बैठकीला चला, असं बाईंना विचारणार आहे. पण आधी डबे.

फ्रँकला म्हणावं, जागा दुसऱ्या कुणाला तरी दे.

इथलाच,
तुझा रॉडी